अंश सुधारले, मांडी मात्र अजून अवघडते

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ३३व्या वर्षी, माझ्या डाव्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. खुब्याच्या सांध्याला मराठीत उखळीचा सांधा म्हणतात आणि माझा दोष या नावाच्याच आधाराने सांगता येतो: माझे उखळ लहानपणापासून उथळ होते. मांडीच्या हाडाचा गोल माथा त्यात पुरेसा झाकला जात नसल्यामुळे शरीराचा सगळा भार कूर्चेच्या (सांध्यातील गुळगुळीत आवरणाच्या) एका अरुंद पट्टीवर पडत राहिला, आणि तिशीत जांघ दुखू लागली. शस्त्रक्रियेआधीची दोन वर्षे कंबरेच्या मणक्याचे उपचार घेण्यात गेली, कारण खुब्याचा एक्स-रे काढावा असे कोणालाच सुचले नाही. अखेरीस तो काढला तेव्हा माथ्यावरील आच्छादनाचा कोन १४ अंश भरला. हा कोन साधारणपणे २५ अंशांहून अधिक असावा लागतो आणि २० अंशांच्या खाली गेला की हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचे उखळ उथळ असण्याचा दोष, मानतात.

शस्त्रक्रियेनंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने ‘सांधा बदलला का?’ असे विचारले, म्हणून येथे स्पष्ट करते की सांधा बदललेला नाही, वळवलेला आहे. पीएओ (पेरिअ‍ॅसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमी, म्हणजे उखळाभोवतीचे हाड कापणे) या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९८४ पासून वापरात आणली. यात उखळाभोवतीचे हाड कापून उखळ मोकळे करतात, माथा नीट झाकला जाईल अशा बेताने ते फिरवतात आणि स्क्रूंनी पक्के करतात. कटिबंधाचा, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्याचा (पेल्व्हिसचा), मागचा खांब मात्र अखंड ठेवला जातो आणि त्यामुळेच एवढी हाडे कापूनही रुग्णाला एक-दोन दिवसांत कुबड्यांवर उभे करता येते.

बर्नमधील पहिल्या ७५ खुब्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध झालेला आहे. २० वर्षांनी सुमारे ६० टक्के आणि ३० वर्षांनी सुमारे २९ टक्के खुबे कृत्रिम सांध्यावाचून टिकून होते, आणि त्या पहिल्या रुग्णांत आधीच सांधा झिजलेले लोकही होते. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना मी हे आकडे पाठ केले होते. मात्र सांधा टिकणे आणि त्या सांध्याने रोजचे काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला घरी आल्यावर कळले.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आले की डावा पाय मला स्वतःच्या बळावर पलंगावर उचलून ठेवता येत नाही. वेदना तेवढी नव्हती. मी पायाला सांगत होते आणि पाय ऐकत नव्हता. पुढचे कित्येक दिवस ओढणीचा फास तळपायाला अडकवून मी तो वर ओढत असे. पहिले सहा आठवडे त्या पायावर १५ किलोंहून अधिक भार द्यायचा नव्हता, आणि १५ किलो म्हणजे नेमके किती हे पायाला शिकवण्यासाठी न्हाणीघराबाहेर वजनकाटा ठेवून मी रोज सकाळी त्यावर डावे पाऊल टेकवत असे. मांडीच्या बाहेरच्या बाजूची बधिरता मात्र अजूनही तळहाताएवढ्या जागेत उरली आहे. शस्त्रक्रियेच्या वाटेवरून जाणारी त्वचेची एक नस ताणली गेल्यामुळे ती अनेकांना येते.

तीन महिन्यांनी हाड जुळले आणि एक्स-रेवर कोन ३१ अंश भरला. शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने काम चोख झाले होते, परंतु मी लंगडत होते. डाव्या पायावर उभी राहिले की उजवीकडचा कटिबंध खाली झुकत असे, कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू अशक्त होते. हे स्नायू शस्त्रक्रियेमुळेच दुबळे होतात असा माझा समज होता. प्रत्यक्षात उथळ उखळात माथा सावरून धरण्याचे जादा काम ते वर्षानुवर्षे करत आलेले असतात. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हिप डिस्प्लेशियाच्या १०० रुग्णांची तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना खुबा वाकवणाऱ्या स्नायूशी निगडित वेदना आढळली, आणि ४२ टक्के जणांना पाय बाजूला नेणाऱ्या स्नायूंशी निगडित. हाड एका सकाळी वळवता येते, स्नायूंना मात्र माझ्या बाबतीत दीड वर्ष लागले. आडवे पडून पाय बाजूला उचलण्याच्या त्या कंटाळवाण्या व्यायामाला पर्याय सापडलेला नाही.

तपासणीच्या वेळी माझ्याकडून हॅरिस हिप स्कोअरची प्रश्नावली भरून घेत. १९६९ सालच्या या प्रश्नावलीत १०० पैकी ४४ गुण वेदनेला आणि ४७ गुण हालचालींच्या क्षमतेला आहेत. जिना चढणे, मोजे आणि बूट घालणे, किती अंतर चालता येते, सार्वजनिक वाहनात चढता येते का, हे सारे त्यात आहे. बसण्याला ५ गुण आहेत आणि तासभर खुर्चीत आरामात बसता आले की ते पूर्ण मिळतात. ते मला सहज मिळाले. परंतु माझे अर्धे आयुष्य जमिनीवर गेलेले आहे. पूजेला बसणे, पंगतीत वाढण्यासाठी वाकणे, विळीसमोर एक पाय मुडपून बसणे, गावाकडे उकिडवे बसणे, यांपैकी एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता. मोजे मी वर्षातून चार वेळा घालत असेन.

मांडी घालताना खुबा वाकतो, बाहेर वळतो आणि फाकतोही, म्हणजे तिन्ही हालचाली एकाच वेळी लागतात. उखळ पुढच्या बाजूने अधिक झाकले गेले की वाकण्याची मर्यादा थोडी आधी येऊ शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी मी विचारायला हवे होते, ‘मला जमिनीवर बसता येईल का?’ मी फक्त ‘मला चालता येईल का?’ एवढेच विचारले. आज मी न थांबता पाच किलोमीटर चालते, कठड्याला हात न लावता तीन मजले चढते, आणि जांघेतली ती जुनी कळ गेली आहे. मांडी घालून साधारण २० मिनिटे बसता येते. डावा गुडघा उजव्यापेक्षा चार बोटे वर राहतो आणि त्याखाली मी घडी घातलेली चादर सरकवते. उकिडवे बसणे सोडून दिले आहे.

उजव्या खुब्याचा कोन १९ अंश आहे. तो अजून दुखत नाही. पुढच्या महिन्यात त्याचा एक्स-रे आहे, आणि या वेळी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी मी स्वतः लिहून नेणार आहे. तिच्यात पहिली ओळ पाटावर बसण्याची आहे.