थायरॉईडचे निदान : माझा अनुभव

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत थंडी वाजते म्हणून कोणी डॉक्टरांकडे जात नाही. निफाडचा उतरलेला पारा वर्तमानपत्रांत गाजत असताना दोन स्वेटर घालून शिकवणाऱ्या शिक्षिकेचे नवल कोणाला वाटणार? माझा आवाज घोगरा झाला, त्याचे खापर खडूच्या धुळीवर फुटले. वजन वाढले ते चाळिशीच्या नावावर गेले. केस गळू लागले, तेव्हा सासूबाईंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला. बद्धकोष्ठता आणि पाळीतला वाढलेला रक्तस्राव यांविषयी तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. उन्हाळा लागून रसवंत्या सुरू झाल्या तरी माझी शाल सुटेना, तेव्हा मात्र इंदिरानगरमधल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवले.

नाडी मिनिटाला ५४ भरली. मग त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला सांगून टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोकले. पाऊल झटकन हलले, पण मूळ जागी परतताना चांगलेच रेंगाळले. ‘‘ताई, थायरॉईड तपासून घेऊ,’’ एवढेच ते म्हणाले. टीएसएचबरोबर फ्री टी-४ ही थायरॉईडच्या स्वतःच्या संप्रेरकाची तपासणीही त्यांनी लिहून दिली, कारण टीएसएच थायरॉईडचे नव्हे, तर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक असते. थायरॉईड मंदावली की ते वाढते, आणि नुसते तेच थोडे वाढून टी-४ ठीक असेल, तर पुष्कळदा लगेच गोळी न देता काही आठवड्यांनी फेरतपासणी करतात. केसांसाठी घेत असलेले बायोटिन हे जीवनसत्त्व त्यांनी दोन दिवस आधी बंद करायला लावले, कारण त्याने अहवाल चुकू शकतो. ‘फुल बॉडी’ पॅकेजवाले हे क्वचितच विचारतात.

प्रयोगशाळेची कमाल मर्यादा साडेचारच्या आसपास असताना माझे टीएसएच ४२ निघाले, टी-४ कमी होते आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे, भरपूर वाढलेली होती. म्हणजे हाशिमोटो, १९१२ साली जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी वर्णन केलेला विकार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. शेजारच्या काकूंनी सोनोग्राफीचा आग्रह धरला, परंतु गळ्याला गाठ लागत नसल्याने डॉक्टरांनी ती करायला सांगितली नाही.

थायरॉईडचे कमी पडलेले संप्रेरक भरून काढणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, हा क्रम अंगवळणी पडायला वेळ लागला. कॅल्शियमची गोळी तिच्या शोषणात अडथळा आणते म्हणून ती रात्रीवर गेली. कोलेस्टेरॉलही वाढलेले होते, पण आधी थायरॉईड ताळ्यावर येऊ द्या, असे डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या तपासण्यांत ते वेगळ्या औषधाशिवाय उतरले. डोस मात्र सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने टीएसएच पाहून दोनदा वाढवावा लागला.