शुभंकरच्या मागे, पायी: युरोपातला गोल्फचा एक उन्हाळा

२३ जुलै २०२३, रविवार. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या हॉयलेकला पाऊस लागून राहिला होता आणि मी सलग चौथ्या दिवशी एकाच माणसाच्या मागे दोरीच्या बाहेरून चालत होतो. शुभंकर शर्मा. झाशीत जन्मलेला, चंदीगडला वाढलेला हा मुलगा ब्रिटिश ओपनमध्ये पहिल्या दहांत होता आणि त्याच्यासोबत चालणारे आम्ही मोजकेच लोक होतो. त्या गर्दीत अनोळखी असलेली दोन भारतीय कुटुंबं चौथ्या दिवशी एकमेकांना पाण्याची बाटली देण्याइतकी ओळखीची झाली होती. गोल्फ बघायला युरोपात जायचा कुणाचा बेत असेल, तर माझं सगळं सांगणं याच अनुभवातून आलेलं आहे: एक खेळाडू धरा आणि पहिल्या टीपासून (जिथून सुरुवातीचा चेंडू मारतात) अठराव्या ग्रीनपर्यंत (शेवटच्या होलभोवतीची हिरवळ) त्याच्याबरोबर चाला.

आमची लेक इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. मे महिन्यात तिला मुलगा झाला, म्हणून आम्ही दोघं जुलै ते सप्टेंबर तिच्याकडे होतो. मी पुण्यात वीस-बावीस वर्षं येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर खेळतो आणि डीपी वर्ल्ड टूर, म्हणजे जुनी युरोपियन टूर, ही व्यावसायिक स्पर्धांची मालिका रात्री जागून टीव्हीवर बघतो. तिच्यातल्या स्पर्धा लेकीच्या घरापासून गाडीच्या अंतरावर चाललेल्या असताना घरी बसणं मला शक्य नव्हतं. त्या दहा आठवड्यांत चार स्पर्धा पाहिल्या: स्कॉटिश ओपन, ओपन (म्हणजेच ब्रिटिश ओपन), स्वित्झर्लंडमधली युरोपियन मास्टर्स आणि लंडनजवळच्या वेंटवर्थची पीजीए.

आधी कागदपत्रांचं. युकेचा व्हिसा आणि स्वित्झर्लंडसाठी लागणारा शेंगेन व्हिसा वेगळे, आणि शेंगेनची अपॉइंटमेंट उन्हाळ्यात लवकर मिळत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईतूनच तो हातात घेऊन निघा. आयरिश ओपन सप्टेंबरमध्ये डब्लिनजवळच्या के क्लबवर होती. भारतीय पासपोर्टवरच्या युके व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल, तर आधी युकेत उतरून मग त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं. आमच्या व्हिसावर ती नोंद नव्हती, म्हणून आयर्लंड राहिलं. अर्ज करण्यापूर्वी सध्याचा नियम तेवढा तपासून घ्या. साठी ओलांडली असेल तर ब्रिटनमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिल्याच दिवशी सीनियर रेलकार्ड काढा. तेव्हा ते वर्षाला ३० पौंडांना होतं आणि भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. स्कॉटलंडच्या एका फेरीतच पैसे जवळपास वसूल झाले.

स्कॉटिश ओपन रेनेसाँ क्लबवर असते, एडिनबरोच्या पूर्वेला, नॉर्थ बेरिकच्या वाटेवर. मुक्काम एडिनबरोलाच करा. वेव्हर्ली स्टेशनवरून नॉर्थ बेरिकची गाडी अर्ध्या तासात पोचवते. कोर्स नवा आहे, २००८ सालचा, पण समुद्र शेजारी आणि वारा मात्र जुनाच. रविवारी वादळी वाऱ्याचा अंदाज होता म्हणून सगळ्यांच्या सुरुवातीच्या वेळा अलीकडे आणल्या. हे लक्षात असू द्या: आदल्या रात्री झोपण्यापूर्वी टूरच्या अॅपवर वेळा पुन्हा बघायच्या. आमच्या शेजारच्या खोलीतलं जोडपं जुन्या वेळेच्या हिशेबाने निघालं आणि त्यांचा निम्मा खेळ हुकला.

त्या दिवशी रॉबर्ट मॅकिंटायरने ६४ मारले, म्हणजे अठरा होल ६४ फटक्यांत संपवले; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. अठराव्या होलवर रफमधून, म्हणजे वाढलेल्या गवतातून, थ्री-वूड या क्लबने (गोल्फच्या काठीने) त्याने चेंडू झेंड्याजवळ टाकला तेव्हा झालेला आवाज मी वाऱ्याच्या उलट दिशेला असूनही ऐकला. घरचा पोरगा, वेस्ट कोस्टवरच्या ओबानचा. मग मागून रोरी मॅकिलरॉय आला. सतराव्यावर बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी), आणि अठराव्यावर तोंडावर येणाऱ्या वाऱ्यात टू-आयर्न या लोखंडी क्लबने मारलेला फटका. साधारण दोनशे यार्डांवरून. टीव्हीवर तो शॉट उंच गेलेला दिसतो. तिथे उभं राहिलं की कळतं की तो उंच गेलाच नाही, वाऱ्याच्या पोटाखालून सरळ रेषेत गेला आणि दहाएक फुटांवर थांबला. ग्रीनवरचा हलका फटका, म्हणजे पट, भोकात गेला. एका शॉटने जिंकला. स्कॉटलंडमधलं त्याचं पहिलं विजेतेपद, आणि आयरिश ओपन, स्कॉटिश ओपन व ओपन अशा तिन्ही जिंकणारा तो पहिलाच. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी मॅकिंटायरसाठी रडत होत्या, आणि मला त्यांच्याजवळच थांबावंसं वाटलं.

ओपनसाठी मात्र तयारी वर्षभर आधी करावी लागते. तिकिटं लॉटरीने मिळतात. त्यांच्या ‘वन क्लब’मध्ये फुकट नाव नोंदवायचं आणि आदल्या उन्हाळ्यात अर्ज करायचा. मला लॉटरीत गुरुवार-शुक्रवार मिळाले. शनिवार-रविवार त्यांच्याच अधिकृत पुनर्विक्रीच्या पानावरून, रोज सकाळ-संध्याकाळ बघत, जूनमध्ये मिळवले. बाहेरच्या विक्रेत्यांच्या वाटेला जाऊ नका. एका दिवसाचं तिकीट तेव्हा शंभर पौंडांच्या आसपास पडलं. सोमवार ते बुधवार सरावाचे दिवस खूप स्वस्त असतात आणि खेळाडू दोरीपाशी येऊन सह्या देतात ते तेव्हाच. बरोबर नातवंडं असतील तर सरावाचा दिवसच घ्या.

हॉयलेक गावात त्या आठवड्यात खोली परवडण्यासारखी नसते. लिव्हरपूल किंवा चेस्टरला राहा. लिव्हरपूलहून वेस्ट कर्बीची लोकल अर्ध्या तासात हॉयलेकला सोडते आणि स्टेशनपासून लोकांच्या लोंढ्याबरोबर चालत गेलं की झालं. त्याच आठवड्यात देशभरात रेल्वेचे संप होते, म्हणून लांबचा प्रवास बुधवारीच उरकला होता, ते बरं झालं. जाताना गर्दी विखुरलेली असते. परतताना एकदम तुटून पडते. शेवटच्या जोडीच्या आधी दोन होल निघालात तर तासभर वाचतो. मी मात्र चारही दिवस शेवटपर्यंत थांबलो.

हॉयलेकचा कोर्स, रॉयल लिव्हरपूल, दिसायला सपाट वाटतो. डी नदीचं मुख, पलीकडे वेल्सचे डोंगर, ओहोटीला दिसणारी हिलब्रे बेटं. पण खेळाडूंच्या चेहऱ्यावर जी भीती दिसते ती सराव-मैदानाच्या कडेच्या बुटक्या बांधाची. कोर्सच्या आतच ‘आउट ऑफ बाउंड्स’, म्हणजे खेळाच्या हद्दीबाहेरची जागा. शेवटच्या होलवर पाच मारून जिंकायची वेळ आली तरी उजवीकडे गेलेला एक चेंडू सगळं घेऊन जातो. आणि बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. पहिल्या दिवशी त्यांचे तळ सपाट ठेवले होते, त्यामुळे चेंडू गडगडत जाऊन उभ्या भिंतीला चिकटायचे. मोठमोठे खेळाडू मागच्या बाजूला मारून बाहेर येत होते. गुरुवारी रात्री वाळू कडांकडे थोडी वर ओढून घेतली, आणि शुक्रवारी चेंडू भिंतीपासून जरा सुटे राहू लागले. हा फरक दोरीपाशी उभं राहून डोळ्यांनी बघता आला, याचा मला फार आनंद आहे.

गुरुवारी सगळी गर्दी टॉमी फ्लीटवूडच्या मागे. तो जवळच्या साउथपोर्टचा. त्याने ६६ मारले, आणि तेवढेच मारले क्रिस्टो लॅम्प्रेश्ट या हौशी खेळाडूने, जो सहा फूट आठ इंच उंच आहे. शुभंकरने ६८ मारले. शुक्रवारी ७१. दोन दिवसांनंतर तो तीन खाली (ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, तीन कमी), संयुक्त चौथा. मग ७० आणि पुन्हा ७०. आकडे साधे दिसतात. पण चालत बघताना कळतं की त्याने कुठेही घाई केली नाही. वाऱ्यात चेंडू खाली ठेवायचा, ग्रीनच्या मध्याकडे मारायचा, दोन पटमध्ये पुढे जायचं. पावसात हातमोजे बदलायचे, क्लबची पिशवी वाहणाऱ्या कॅडीने पट्ट्याला लटकवलेल्या टॉवेलला हात पुसायचे, पुन्हा तेच. शेवटी पाच खाली, संयुक्त आठवा. ओपनमध्ये भारतीयाची यापूर्वीची सर्वोत्तम कामगिरी ज्योती रंधावाची होती, २००४ साली संयुक्त सत्ताविसावा. अठराव्यावर तो टोपी काढून स्टँडकडे वळला तेव्हा माझ्या शेजारच्या लिव्हरपूलच्या माणसाने विचारलं, “तुमचा मुलगा का?” मी नाही म्हणालो, पण ते मनापासून म्हणता आलं नाही.

ब्रायन हारमन सहा शॉटनी जिंकला. दहा फुटांच्या आतले ५९ पैकी ५८ पट त्याने घातले. मी त्याचे मोजून सहा-सात शॉट पाहिले असतील. त्याची खंत नाही.

कपड्यांबद्दल कळकळीने सांगतो. छत्री नेऊ नका असं नाही, पण वाऱ्यात ती निरुपयोगी ठरते आणि मागच्यांना दिसत नाही. पावसाळी जाकीट आणि पावसाळी विजार, दोन्ही. बूट पाणी न शिरणारे आणि आधी महिनाभर घालून सैल झालेले. मोज्यांचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. शनिवारी मी सुती मोजे घालून गेलो आणि रात्री टाचांना फोड आले, रविवारचे नऊ होल लंगडत चाललो. अठरा होल चालणं म्हणजे सात-आठ किलोमीटर, आणि खेळाडूंच्या पुढे राहण्यासाठी वाकडी वाट धरली की दहा होतात. पाण्याची रिकामी बाटली न्या, आत भरून मिळते. आमच्या पिशवीतल्या पोळ्यांच्या सुरळ्यांना कुणी हरकत घेतली नाही. मोबाइल चालतो, पण आवाज बंद. आणि कानात लावायचा छोटा रेडिओ जरूर घ्या, कारण चालताना बाकी कोर्सवर काय घडतंय ते त्यावर सहज कळतं.

ऑगस्टच्या शेवटी युरोपियन मास्टर्ससाठी स्वित्झर्लंडमधल्या क्राँ-मोंटानाला बायकोही आली. नातू तीन महिन्यांचा झाला होता आणि लेक म्हणाली, आई, तू जा आता. जिनिव्हाहून सरोवराच्या काठाने दोनेक तासांत सिएर. तिथून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने डोंगर चढणाऱ्या रेल्वेने, वर, जवळपास दीड हजार मीटरवर. महिनाभराचं हाफ फेअर कार्ड १२० फ्रँकचं होतं आणि गाड्यांना अर्धं भाडं पडतं. चार-पाच दिवस फिरणार असाल तर आधी हिशेब करून बघा. वर खोल्या महाग, म्हणून आम्ही खाली सिएरला राहिलो आणि जेवण दुकानातून ब्रेड, चीज, टोमॅटो आणून भागवलं. रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) मिळाली की शाकाहारी माणसाचं पोट भरतं. मांस नाही ना, एवढं मात्र विचारून घ्यायचं.

मी पाहिलेल्या कोर्समध्ये यापेक्षा देखणा दुसरा नाही. १९३९पासून स्विस ओपन, म्हणजे हीच स्पर्धा, इथेच होते. ऱ्होन खोऱ्याच्या पलीकडे बर्फाचे डोंगर, विरळ हवेत चेंडू लांब जातो, ग्रीन छोटी. अठराव्याजवळ एक भिंत आहे. १९९३ साली सेवे बालेस्टेरोसचा चेंडू तिच्या अगदी मागे गेला होता. कॅडी बिली फॉस्टर त्याला बाजूला काढून मार म्हणून विनवत होता, पण सेवेने भिंतीवरून, पोहण्याच्या तलावावरून, झाडांखालून चेंडू काढला आणि पुढच्या चिपवर, म्हणजे ग्रीनजवळून मारलेल्या छोट्या फटक्यावर, बर्डी घातली. तिथे पाटी लावलेली आहे. भिंतीपाशी गुडघे टेकून बघा, फट किती होती ते. हिने बघितलं आणि म्हणाली, “हा माणूस घरी कसा वागत असेल?”

रविवारी लुडविग ओबेर्ग चौदाव्यापासून लागोपाठ चार बर्डी घालून दोन शॉटनी जिंकला. जूनमध्ये व्यावसायिक झालेला तेवीस वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी कर्णधार ल्यूक डोनाल्डने त्याला रायडर कपच्या (युरोप विरुद्ध अमेरिका सामन्याच्या) युरोपच्या संघात घेतलं. चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे मेजरपैकी, एकही न खेळलेला. क्राँला गर्दी इतकी सुटसुटीत असते की मी त्याच्या ड्रायव्हर क्लबचा आवाज दहा फुटांवरून ऐकला. ओपनमध्ये हे मिळत नाही. पैसे एकाच स्पर्धेपुरते असतील आणि तिकिटाच्या लॉटरीत नशीब नसेल, तर मी क्राँ सुचवेन.

वेंटवर्थ आम्हाला सोपं होतं. रेडिंगहून वॉटर्लूला जाणारी गाडी व्हर्जिनिया वॉटरला थांबते. लंडनचे लोकही त्याच स्टेशनला उतरतात. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींना एका दिवसाची सहल म्हणून ही उत्तम. बुधवारी व्यावसायिकांसोबत नामवंत हौशी खेळाडूंची प्रो-अ‍ॅम असते. त्या वर्षी रायडर कपचे युरोपचे बाराही जण तिथे खेळले. झाडीतला कोर्स असल्यामुळे उन्हाचा आणि वाऱ्याचा त्रास नाही, पण खेळाडू झाडांत दिसेनासे होतात. सतरा आणि अठरा दोन्ही पार-पाच, म्हणजे पाच फटक्यांचे लांब होल, आहेत. दुपारनंतर अठराव्या ग्रीनसमोरच्या ओढ्यापाशी जागा धरा.

ओबेर्ग दोन शॉटनी पुढे होता आणि रविवारी त्याने ७६ मारले. मी त्या दिवशी आरन राईच्या मागे होतो. वुल्वरहॅम्प्टनचा, भारतीय वंशाचा, दोन्ही हातांत मोजे घालणारा, आयर्न क्लबवरसुद्धा टोप्या चढवणारा. लहानपणी वडिलांनी आणलेले महागडे क्लब जपायची सवय त्याने सोडलेली नाही. तो आणि टायरेल हॅटन १७ खाली. मागून रायन फॉक्स आला, ज्याने तिसऱ्याच होलवर ट्रिपल बोगी (पारपेक्षा तीन फटके जास्त) खाल्ली होती. अठराव्यावर त्याने बर्डी घातली आणि एका शॉटने जिंकला. राई सही देत उभा होता. रांगेतल्या एका सरदार आजोबांनी नातवाला पुढे केलं आणि त्याने मुलाच्या टोपीवर सही करून स्वतःचा एक हातमोजा काढून दिला.

२० सप्टेंबरला आम्ही परतलो, त्यामुळे ऑक्टोबरची स्कॉटलंडमधली डनहिल लिंक्स स्पर्धा हुकली. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी आणि किंग्जबार्न्स या तीन कोर्सवर खेळतात, व्यावसायिकासोबत एक हौशी. त्या वर्षी पावसाने ती ५४ होलची झाली. मॅट फिट्झपॅट्रिक जिंकला आणि सांघिक विजेतेपद त्याने आपल्या आईबरोबर मिळवलं. तुमचं परतीचं तिकीट अजून काढायचं असेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याचं काढा.