माळा उतरवायची रात्र

डिसेंबर 2024 मध्ये आम्हा मांडववाल्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'म्हातारा शंभर वर्षांनी परत येतोय.' म्हातारा म्हणजे गांधीजी. 1924 च्या 26 आणि 27 डिसेंबरला आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं 39 वं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते इथलं. लोकांना पाणी पुरावं म्हणून तेव्हा खोदलेली विहीर अजून आहे, तिला सगळे काँग्रेस विहीर म्हणतात. तिच्याच बाजूच्या वीरसौध या स्मारकात या वेळी 26 तारखेला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक आणि 27 ला क्लब रोडच्या सीपीएड मैदानावर मोठी सभा ठरली होती.

सगळं शहर दिव्यांनी भरलं होतं. मोठी कामं अर्थातच मोठ्या ठेकेदारांची. माझ्या वाट्याला आली एक स्वागताची कमान, वर बल्बांची कन्नड अक्षरं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला माळा. दोन दिवसांचं भाडं ठरलं.

बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात आमच्या घरात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. आबा अजूनही सायकल फेरीला जातात. ते म्हणाले, ''ह्यांच्या उत्सवाला माळा लावायला जातोस व्हय रे?''

''गांधींचा उत्सव आहे आबा. आणि गोडाऊनचं भाडं काय सीमाप्रश्न सुटल्यावर देऊ?''

ते गप्प बसले. म्हणजे पटलं असं नव्हे. आबांचं गप्प बसणं हे वेगळंच प्रकरण आहे.

कमान चढवताना एक गंमत झाली. माझ्याकडचे मामा चाळीस वर्षं शिडीवर आहेत, पण त्यांना कन्नड वाचता येत नाही. प्रत्येक अक्षर त्यांच्या लेखी जिलबी. खालून मी ओरडायचो, ''मामा, ती नव्हे, शेपटीवाली जिलबी!'' दोन अक्षरांची अदलाबदल झाली ती दिवे पेटवल्यावर कळली. रिक्षावाला खाली थांबून हसत होता. परत चढलो, बदललं. त्यात अर्धा तास गेला.

26 ला रात्री दहाच्या पुढं आम्ही कमानीखालीच चहा पीत होतो. थंडी मरणाची. फोन आला, बोलणारा कार्यकर्ता कन्नड पोरगा, आवाज बसलेला. ''अण्णा, लाइट बंद माड्री. मनमोहनसिंग होगबिट्रंत.'' दिवे बंद करा, मनमोहनसिंग गेले म्हणे.

मला आधी वाटलं, कुणी टवाळी करतंय. मग मोबाइलवर बातमी दिसली. दिल्लीत एम्समध्ये रात्री 9 वाजून 51 मिनिटांनी. थोड्या वेळानं कळलं की उद्याची सभा रद्द. राहुल गांधी आणि खर्गे रात्रीच दिल्लीला निघाले. सांबऱ्याच्या विमानतळाकडं सायरनच्या गाड्या एकामागून एक गेल्या आणि रस्ता एकदम मोकळा झाला.

मेन स्विचवर हात ठेवून मी उभा. बंद कर म्हणणं सोपं आहे. लग्नात वऱ्हाड गेल्यावर दिवे घालवतो, गणपतीत विसर्जनानंतर घालवतो. तिथं काम संपलेलं असतं. इथं काम सुरूच व्हायचं होतं. एकजण म्हणाला, रंगीत बंद करा, पांढरे राहू देत. दुसरा म्हणाला, अक्षरं तेवढी ठेवूया, गांधींचं नाव आहे. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ''सुतकात अर्धा दिवा लावतात होय?'' मी स्विच पाडला.

मग फर्मान आलं की सकाळी चौकात श्रद्धांजलीला फोटो पाहिजे, काळं कापड पाहिजे. फ्लेक्सवाल्याला झोपेतून उठवलं. पहिली प्रिंट आली ती पगडी जांभळी. तो म्हणाला, रात्रीच्या अंधारात कुणाला कळतंय? मामा त्याच्यावर भडकलेच. ''अरे, दहा वर्षं टीव्हीवर बघितलेली पगडी! फिकी निळी आहे ती.'' परत प्रिंट काढली. त्या दुसऱ्या प्रिंटचे पैसे मी माझ्या खिशातून भरले, ते अजून कुणाकडं मागितले नाहीत.

प्रिंट वाळेपर्यंत फ्लेक्सवाला फोनवर वाचत बसला होता. मनमोहनसिंगांचा जन्म 1932 चा, गाह नावाच्या खेड्यातला. ते गाव आता पाकिस्तानात. गाववाल्यांना त्यांनी एकदा यावं असं फार वाटायचं. 2004 ते 2014 पंतप्रधान राहिले, पण तेवढ्या काळात पाकिस्तानला जाणं काही झालं नाही. आमची तर उलटीच तऱ्हा. आमचं गाव जागचं हललं नाही, 1956 ला राज्यच आमच्या अंगावरून पलीकडं गेलं. हे मी बोललो नाही. पहाटे दोनला सीमाप्रश्न काढायचा नसतो, आणि फ्लेक्सवाला कन्नड होता, त्यात माणूस चांगला.

तीन वाजता माळा उतरवायला घेतल्या. नवीन पोरं घाईघाईनं ओढायला लागली की बल्ब फुटतात. मामा वरून एकेक माळ सोडायचे, मी कोपरात गुंडाळून घ्यायचो, पोरगं पिंपात ठेवायचं. कुणी काही बोलत नव्हतं. एरवी शिव्यांशिवाय आमची एक माळ उतरत नाही. मग त्याच कमानीच्या पाइपाला, कापड तेवढं काळं, असा छोटा मंडप केला. लग्न असो, जयंती असो, मयत असो, पाइप तेच आणि गाठीही त्याच.

उजाडताना घरी आलो तर आबा ओट्यावर बसलेले. मी विचारलं, ''झोपला नाही?''

''सज्जन माणूस होता,'' ते म्हणाले. आणि मग, ''चहा टाकायला सांगतो.''

भाडं एका दिवसाचंच हातात पडलं, दुसऱ्या दिवसाचं 'बघूया' वर गेलं. त्या सभेचं 21 जानेवारी 2025 ला परत जमलं. त्याच दिवशी सुवर्ण विधानसौध या कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीसमोर गांधीजींच्या पुतळ्याचंही अनावरण झालं. कमान पुन्हा माझ्याकडंच आली. आदल्या संध्याकाळी गोडाऊनात गेलो तर मामा जमिनीवर सगळ्या जिलब्या मांडून बसले होते, आणि प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं नंबर घालत होते.