आमची वाटचाल: खारपाणपट्ट्यातल्या चार जुन्या गाड्या

पहिली गाडी २०११ च्या दिवाळीनंतर दारात आली. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी, २००८ चं मॉडेल, १,५५,००० रुपयांना. दर्यापूर तालुक्यात कापूस वेचणीला जोर होता, भाड्याला गाडी मिळत नव्हती, म्हणून घाई केली. रंग ताजा, टायर बरे, सीटला नवं कव्हर. आम्ही दोघं भाऊ तेवढंच पाहून आलो. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी जिनिंगच्या रांगेत लागली.

हिवाळा निघून गेला. एप्रिलात अमरावतीहून किराणा भरून येताना वलगाव सोडल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. दादानं गाडी थांबवली, बाजूच्या शेतातल्या बोअरचं पाणी आणलं आणि तापलेल्या इंजिनात तसंच ओतलं. आठवड्याभरात डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागलं, म्हणजे त्यात पाणी मिसळत होतं. इंजिनाच्या वरच्या भागाची, म्हणजे हेडची गॅसकेट गेली होती, हेडला बाक आला होता. हेड घासून सपाट करणं (फेसिंग), गॅसकेट किट, नवं ऑइल, मजुरी मिळून ९,४०० रुपये आणि ऐन हरभऱ्याच्या दिवसांत अकरा दिवस गाडी उभी.

मिस्त्रीकाकांनी रेडिएटर खोलून दाखवला. नळ्यांमध्ये पांढरा थर बसला होता, तो खिळ्यानं खरवडावा लागला. काका म्हणाले, "बापू, हे पाणी तुम्ही गुराइले पाजत नाही, मंग गाडीले काऊन पाजून राह्यले?"

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो आणि इथलं जमिनीखालचं पाणी खारट आहे. ते ओलिताला चालत नाही, पिण्याला चालत नाही, हे लहान पोराला माहीत असतं. पण रेडिएटरच्या वेळी ते कुणाच्या डोक्यात येत नाही. क्षार नळ्यांत बसला की पाणी फिरत नाही, खारटपणा धातू खातो, आणि वरून मे महिन्यात ४५ अंश. त्यात कापसाच्या हंगामात रुईचे तंतू आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत गच्च बसतात, म्हणजे हवाही बंद. बाहेर लोक इंजिन बसलं म्हणतात. आमच्या अनुभवात ते आधी तापलेलं असतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गाडीत डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट आहे, सीटमागे त्याचीच पाच लिटरची कॅन आहे, आणि हंगामात दर रविवारी जाळीला आतून बाहेर हवा मारतो.

त्याच वर्षी घरात वही सुरू झाली. माझ्या पत्नीनं डिझेल, ऑइल, टायर आणि दुरुस्ती असे वेगळे रकाने आखले. पहिल्या चौदा महिन्यांत दुरुस्तीचा रकाना ६१,३०० वर गेला. हेडनंतर पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि निळा धूर सुरू झाला, म्हणून हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाचं अर्धं काम करावं लागलं. त्यात पुढच्या चाकांचे किंगपिन, सेल्फ, बॅटरी. म्हणजे गाडी आम्हाला २,१६,३०० ला पडली. तो आकडा पाहिल्यापासून आम्ही जुनी गाडी घेताना किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवतो. तेवढी जवळ नसेल तर सौदा करत नाही. कर्ज काढून पूर्ण किंमत देणारे आणि पहिल्या बिघाडालाच हप्ता चुकवणारे आमच्याच भागात बरेच पाहिले.

दुसरी गाडी, बोलेरो पिकअप, २०१५ मध्ये घेतली. या वेळी काका सोबत होते. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की गाडी आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका. काकांनी आधी बोनेटवर हात ठेवला, थंड आहे का पाहायला. मग रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि बुडबुडे येतात का पाहिलं. ऑइलच्या झाकणातून वाफेसारखा धूर जोरात आला असता तर तिथूनच परत फिरलो असतो. नंतर मालकाच्याच गोडाऊनमधले तुरीचे वीस कट्टे, म्हणजे दहा क्विंटल, भरायला लावले. तो चिडला. पण भरलेल्या गाडीनं चढाला क्लच सुटतो का, मागच्या चाकांमधलं हाऊजिंग आवाज करतं का, ब्रेकला गाडी ओढते का, हे सगळं सांगितलं. रिकामी गाडी काही बोलत नाही. मीटरच्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. पेडलचं रबर किती झिजलंय ते पाहतो.

याच पिकअपनं २०१८ मध्ये मोठा धडा दिला. सकाळी सुरू व्हायला त्रास, चढाला दम नाही, काळा धूर. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजनं इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलायला सांगितले, अंदाज ५२,००० चा. मी जवळजवळ होकार दिला होता. काकांनी डिझेल फिल्टर बाटलीत रिकामा केला, तर तळाला पाणी आणि तांबूस गाळ. पावसाळ्यात ड्रायव्हरनं गावातल्या ड्रममधून डिझेल भरलं होतं. कॉमन रेल इंजेक्टरमधून डिझेल फार मोठ्या दाबानं अतिशय बारीक छिद्रांतून जातं, त्याला पाण्याचा आणि गंजाचा कण सोसत नाही. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, दोन इंजेक्टर डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडं टेस्ट करून दुरुस्त केले. सगळं मिळून ११,८००. इंजेक्टर बदलण्याआधी ते टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा, ही एकच गोष्ट प्रत्येक पिकअपवाल्याला मी हात जोडून सांगतो.

बाकी खर्च रोजचेच. पांदण रस्त्यावर चिखलात अर्ध्या क्लचवर गाडी काढली की क्लचप्लेट जळते. एसला मजुरीसह सहा-सात हजार, पिकअपला बारा हजारांच्या आसपास. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तुटतात ते ओव्हरलोडनं, आणि त्याला आपणच जबाबदार असतो. मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हजारभरात होतो, पण कडकड ऐकून महिना काढला तर पुढचं काम दसपट महाग पडतं. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो नवा घ्यायचा तर वीस हजार; लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं तर तो बरीच वर्षं टिकतो.

तिसरीनंतर आता चौथी गाडी पाहतो आहोत. १ एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमातल्या गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्या, भाव चांगले आहेत. पण काजळी अडवणारी डीपीएफची जाळी ज्या गाडीत असते, तिला अधूनमधून लांब आणि सलग पळवावं लागतं, तेव्हा साचलेली काजळी जळते. आमच्या निम्म्या फेऱ्या गाव ते बाजार समिती अशा आठ-दहा किलोमीटरच्या. म्हणून दादानं सुचवलं, ही गाडी अमरावती आणि परतवाड्याच्या फेऱ्यांनाच लावू, गावच्या फेऱ्या जुन्या एसकडंच राहू दे. काकांना पुढच्या सोमवारी मूर्तिजापूरला घेऊन जायचं ठरलंय. मालकाला सांगून ठेवलंय, गाडी थंड ठेवा आणि वीस कट्टे तयार ठेवा.