वरणातली गोळी

दादा आजारी पडला तेव्हा त्याच्या लेखी आजारी आम्हीच होतो. वरच्या मजल्यावरचे लोक आपले बोलणे टिपून घेतात, या खात्रीने त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवली होती आणि डॉक्टरांचे नाव काढले की तो खोलीला आतून कडी घालीत असे.

शेवटी आईने पुष्कळ घरांत गुपचूप केले जाते तेच केले. ओळखीतून मिळवलेली गोळी पोळपाटावर चुरून तिने ती त्याच्या वरणात कालवली. चौथ्या दिवशी वाटीच्या तळाशी पांढरा कण दिसताच दादाने ती वाटी मुकाट्याने तिच्यापुढे धरली आणि त्या दिवसापासून तो पुडा स्वतः फोडून खाल्लेल्या बिस्किटांवर राहू लागला. घरचे विष घालतात, या त्याच्या संशयाला पुरावा आम्हीच पुरवला होता. (मी तेव्हा ओट्यापाशीच उभी होते, दोष एकट्या आईचा नाही.)

मग मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन केला. आपण आजारी आहोत हे न उमगणे हा पुष्कळदा हट्ट नसून आजाराचाच भाग असतो, हे मला तेथे प्रथम समजले. जबरदस्तीने दाखल करण्याचेही मी विचारले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 89 नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. रुग्णापासून स्वतःला वा इतरांना धोका असला किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला धोक्याच्या थराला जाईपर्यंत अशक्य झाले असले, तरच हा मार्ग खुला होतो. तो 'ऐकत नाही' एवढे कारण पुरत नाही, आणि ते मला योग्य वाटते.

वरच्या मजल्याविषयी वाद घालणे मी सोडून दिले. एका पहाटे दाराबाहेर बसून एवढेच विचारले, "दादा, झोप लागत नाही ना रे?" बऱ्याच वेळाने आतून उत्तर आले, "डोळे जळतात नुसते." झोपेसाठी म्हणून तो आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आला, आणि त्यांच्याच शब्दावर पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे गेला. अट एकच होती: गोळी पाकिटातून तो स्वतः काढणार.

ही अट आम्ही अजून पाळतो. तरीही वरण वाढले की तो आधी चमचा तळापर्यंत फिरवून पाहतो, आणि आई तेवढा वेळ ओट्याकडे तोंड करून उभी राहते.