सोनोग्राफीत खडा नाही, मग कॅन्सरच का?

हा प्रश्न बहुधा कावीळ झालेल्या रुग्णाची मुलगी किंवा मुलगा विचारतो, तोही बाबांना बाहेर बसवून. "पित्तनलिका फुगलीय, पण खडा दिसत नाही. म्हणजे कॅन्सरच ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उतारवयात दुखत-खुपत नसताना कावीळ वाढत गेली, तर कॅन्सर आधी शोधायलाच हवा. पण खडा आणि कॅन्सर सोडून तिसरं काही नसतंच, असं धरून चालू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आयजीजी-४ नावाच्या रक्तातल्या प्रतिपिंडाशी जोडलेल्या आजाराची. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती पित्तनलिकेवर उलटते, नलिकेची भिंत जाड होते, स्वादुपिंड सुजतं आणि सीटी स्कॅनवर हुबेहूब गाठ वाटते. रुग्ण बहुतेक पन्नाशी उलटलेले पुरुष. या प्रतिपिंडाचा संबंध जपानी डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवला. त्याआधी कॅन्सर समजून अशा कितीतरी रुग्णांवर मोठी ऑपरेशनं झाली होती. खरं तर स्टिरॉइडने काही आठवड्यांत सूज ओसरू लागते. मात्र नुसत्या रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. कॅन्सरमध्येही आयजीजी-४ वाढलेलं सापडतं आणि हा आजार असूनही ते कधी नॉर्मल येतं. म्हणून एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने (पोटात दुर्बिण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीने) तपासणीसाठी तुकडा घ्यायचा, लाळग्रंथी आणि मूत्रपिंडंही तपासायची. कॅन्सर नाही याची खात्री होण्याआधी "देऊन तर बघू" म्हणून स्टिरॉइड सुरू करणं मला मुळीच पटत नाही.

कधी नलिकेत चक्क जंत शिरलेला असतो. काश्मीरमध्ये असे रुग्ण बरेच आढळले आहेत. सोनोग्राफीत दोन समांतर रेषा दिसतात, खड्यामागे पडते तशी सावली पडत नाही, आणि बघता बघता त्या रेषा वळवळतात! बरेचदा तो आपणहून आतड्यात परततो, मग जंतांचं औषध पुरतं. नाही परतला तर एंडोस्कोपीतून चिमट्याने ओढून काढावा लागतो.

आपल्याकडे टीबीच्या गाठीही बाहेरून नलिका दाबतात. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडाही तसाच दाबतो. अर्जेंटिनाचे सर्जन मिरिझी यांनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. हे एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, आधीच कळलेलं बरं, नाहीतर ऑपरेशनमध्ये मुख्य नलिकेलाच इजा होण्याची भीती असते.

लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज असेल, तर पानांच्या रसात आणि माळेत दिवस घालवू नका. त्यात थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेव्हा तुंबलेलं पित्त आधी मोकळं करावं लागतं.