केस न झालेला अपघात

निपाणीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाल्यांची रीघ लागते. पुढं निळे-हिरवे एलईडी, दोन भोंगे, गाण्यांसाठी अँप्लिफायर, सगळं हवं असतं. मागच्या दिव्याचं नाव कुणी काढत नाही. मी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं: "मागं कशाला? मला मागचं कुठं दिसतंय?"

त्यांचंही अगदीच चुकत नाही. दोन ट्रॉल्यांच्या शेवटाला दिवा पोचवायचा तर वायर दोन जोडांवरून न्यावी लागते. कारखान्याच्या आवारात ट्रॉली सोडताना पिन काढतात आणि वायरचा प्लग विसरतात. ट्रॅक्टर पुढं सरकला की वायर तुटलीच. तुटली नाही तर मोळ्या टाकताना काच फुटते. काचही वाचली तर ऊस मागं तीन-चार फूट बाहेर आलेला असतो, आणि दिवा त्याच्या आड जातो. म्हणून मी आता लाल रिफ्लेक्टरची पट्टी पोत्यावर शिवून देतो आणि सांगतो, ही ट्रॉलीला नको, शेवटच्या मोळीला बांध. दहातला एखादा बांधतो.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत संकेश्वरहून स्कूटरवर परत येत होतो. तवंदी घाट उतरल्यावर पुढं डिव्हायडर फोडून केलेला एक कट आहे. सरकारनं केलेला नव्हे, आम्हीच लोकांनी फोडलेला, कारण पुलाखालून वळसा घालायचा म्हणजे दीड किलोमीटर जास्त. त्या कटात एक डबल ट्रॉली वळायला थांबली होती. तोंड पलीकडं, शेपूट माझ्या लेनमध्ये. मला ऊस दिसलाच नाही, लागला. खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना उजवा हात गळ्यात. आणि गंमत म्हणजे त्या ट्रॉलीची वायरिंग दोन महिन्यांपूर्वी मीच केली होती.

ठाण्यात जायचं का, यावर रस्त्याकडेलाच बैठक बसली. ट्रॅक्टरवाला लांबच्या नात्यातला, ट्रॉलीचा विमा नाही, माझंही लायसन सहा महिन्यांपूर्वी संपलेलं. "केस कशाला करतोस? पावणाच हाय की. मिटवून टाक." आठ हजारांत मिटलं. दवाखान्याच्या कागदावर मी स्वतःच सांगितलं, जिन्यावरून पडलो.

हे आत्ता लिहायचं कारण माझी मुलगी. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. खासदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं फोनवर फुकट वाचायला मिळतात, हे तिनं मला दाखवलं. लोकसभेत रस्ते खात्याची पाळी गुरुवारी. दिवसाला 20 तारांकित प्रश्न, त्यांना तोंडी उत्तर, वर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकित 230, त्यांना लेखी उत्तर. हिवाळ्यात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी महिनाभर वाचत बसलो. हिंदी जमतं, इंग्रजी पोरगी सांगते. किती किलोमीटर मंजूर, किती कोटी खर्च, किती टक्के काम झालं; बाकीचं विवरण सभागृहाच्या पटलावर.

वाचताना एक मजेशीर गोष्ट ध्यानात आली. महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या कोगनोळीपासून धारवाडपर्यंतचा आमचा हा एकच हायवे चार खासदारांच्या मतदारसंघांतून जातो: चिक्कोडी, बेळगाव, कित्तूरपाशी उत्तर कन्नड, मग धारवाड. गाडी तीच, खड्डा तोच, विचारणारे चार. आमच्याकडं याला बारभाईचा कारभार म्हणतात.

मार्च 2022 मध्ये गडकरींनी लोकसभेत सांगितलं होतं की 60 किलोमीटरच्या आत एकच टोलनाका राहील, बाकीचे तीन महिन्यांत बंद करू. आमच्या पट्ट्यात कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी असे साधारण शंभर किलोमीटरमध्ये तीन नाके आहेत. तिन्ही जागच्या जागी. 2008 च्या नियमांत 60 किलोमीटरची अट आहे, पण तिला पळवाटाही आहेत, हे खरं. मंत्र्यानं सभागृहात शब्द दिला की तो पुरा झाला का हे बघायला एक आश्वासन समिती असते आणि मुदत असते तीन महिन्यांची, हे मुलीनं फार भक्तिभावानं सांगितलं. शेजारचा चहावाला हसून म्हणाला, "आमच्या उधारीला पण एक समिती नेमा की."

पैशाच्या बाजूनंही वाचलं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात या खात्याला 2 लाख 87 हजार कोटींच्या वर तरतूद आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालातला (भारतमाला या महामार्ग योजनेवरचा) दिल्लीजवळच्या द्वारका एक्सप्रेसवेचा आकडा आमच्या दुकानात दोन दिवस गाजला: योजनेत किलोमीटरला धरलेले 18.20 कोटी, या रस्त्याला मंजूर झाले 250.77 कोटी. सरकारचं म्हणणं, तो 18.20 चा आकडा सगळ्या योजनेची सरासरी होता, उन्नत आणि भुयारी रस्त्याला लावायचाच नव्हता. कॅगचे असले अहवाल लोकलेखा समितीकडं जातात. लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 असे 22 जण, आणि 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. कागदावर बघितलं तर व्यवस्था चोख आहे. माझा मात्र त्यात कुठंच पत्ता नव्हता.

मग मुलीनं ब्लॅक स्पॉटची व्याख्या काढली. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे 500 मीटरचा तुकडा. तीन वर्षांत तिथं मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हायला हवेत, नाहीतर दहा माणसं मरायला हवीत. मग तो ब्लॅक स्पॉट, मग त्याची दुरुस्ती, मग त्याला पैसे. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली शंभरातली छत्तीस राष्ट्रीय महामार्गांवर, आणि हे महामार्ग म्हणजे देशातल्या रस्त्यांच्या लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास. डिसेंबर 2024 मध्ये गडकरींनी लोकसभेत कबूलच केलं की अपघात कमी होणं सोडाच, वाढलेत, आणि परदेशी परिषदांत हा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. मंत्र्याच्या तोंडून असं ऐकायला मिळणं दुर्मिळ, म्हणून मला ते आवडलं.

मुलगी म्हणाली, "पप्पा, यात तुमचा अपघात कुठाय?"

कुठंच नाही. अपघाताची नोंद पोलीस जागेवरून आयरॅड नावाच्या प्रणालीत भरतात. पोलीसच आले नाहीत तर नोंद नाही. नोंद नाही तर पाचाचा आकडा भरत नाही, ब्लॅक स्पॉट होत नाही, आणि खासदारानं उद्या यादी मागितली तरी त्यात आमचा कट येणार नाही. मंत्र्यांचं उत्तर अगदी बरोबर असेल. खोटं तळाशी झालं, आणि ते मी आठ हजारांत विकलं.

शिवाय नुकसान एवढंच नाही. धडकून पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तर 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात, पण त्यालाही आधी पोलिसांचा कागद लागतो. रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत हयगय झाली आणि त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदाराला, रस्त्याच्या यंत्रणेला 1 लाखापर्यंत दंड, असं कलम 198-अ मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलंय. कोट्यवधींच्या कामाला लाखाचा दंड! पण तो मागायचा तरी कशाच्या जोरावर? आता संकेश्वरपासून महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत सहा पदरीकरण निघालंय. पदर वाढतील तसा तो कट ओलांडायला आणखी लांब होईल, आणि पत्रा ठोकून बंद केला तर पंधरा दिवसांत कुणीतरी कापेल. पुलाखालचा वळसा जवळ येत नाही तोवर हे असंच.

या हंगामात कटासमोरच्या टपरीवाल्याला मी एक दोनशे पानी वही दिली. तारीख, वेळ, कुठली गाडी, मागं दिवा होता का, कुणाला किती लागलं, केस झाली का. नावं लिहायची नाहीत, असं ठरवलं, नाहीतर लोक वहीच फाडतील. मकर संक्रांतीपर्यंत नऊ नोंदी झाल्या. "केस" च्या रकान्यात आठ वेळा फुली.

परवा वही बघायला गेलो तेव्हा पहिलं पान कोरं सोडलेलं दिसलं. त्यावर मी लिहिलं: तीन वर्षांपूर्वी, जानेवारी, संध्याकाळी सात. स्कूटर आणि डबल ट्रॉली. दिवा: वायर होती, पेटत नव्हता. लागलं: हाड मोडलं. केस: नाही.

टपरीवाल्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे जिन्यावरून पडलेलं न्हवं?"